रामाचा दिवस, कृष्णाची रात्र: गंजिफा, दशावतार आणि सुपरहिरोंच्या खेळांचे नियम

नागपूरहून येणारा रस्ता वर्धा जिल्ह्यात जामच्या चौरस्त्यावर फुटतो. एक वाट हिंगणघाटकडे जाते, दुसरी वरोऱ्याकडे. अशा चौरस्त्यांवर, पारांवर, धाब्यांच्या बाजांवर पत्त्यांचा डाव बसला की एक गोष्ट कोणालाही समजावून सांगावी लागत नाही: एक्का राजाला मारतो. ज्याच्यावर एकच ठिपका आहे ते पान मुकुटधाऱ्याहून मोठे का, असे कोणी विचारत नाही. (फ्रेंच क्रांतीने राजाला खाली खेचून एक्क्याला वर बसवले, ही गोष्ट फार फिरते. एक्का वरचढ असलेले खेळ क्रांतीच्या आधीही युरोपात खेळले जात होते, तेव्हा ती सोडून द्यावी.)

पण हेच 52 पत्ते बाजूला ठेवून सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा डाव मांडला, तर हा निर्विवाद नियम कोसळतो. तेथे राजाला कोणतेच पान मारत नाही. त्याच्या खाली प्रधान. प्रधानाच्या खाली मात्र गंमत आहे: पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. म्हणजे एकाच हातात धरलेल्या दोन दश्श्यांपैकी एक जवळपास सम्राट आणि दुसरी फेकण्याजोगी.

बलवान कोण आणि दुर्बल कोण, हे कोणत्याही खेळात चित्र ठरवत नाही, नियम ठरवतो. अद्भुत सामर्थ्याच्या नायकांना खेळात आणायचे म्हटले की हा प्रश्न अधिकच अवघड होतो. गेल्या अर्धशतकात अमेरिकेत सुपरहिरोंच्या 'रोलप्लेइंग' खेळांनी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन टेबलाभोवती खेळायच्या खेळांनी, त्यावर अनेक उत्तरे दिली. कोकणात त्याची दोन उत्तरे आधीपासूनच नांदत होती, आणि तीही एकाच मुलुखात, एकमेकांपासून वेगळी.

गंजिफाचा भारतातील सर्वांत जुना ठाऊक असलेला उल्लेख बाबराच्या आठवणींत सापडतो. 1527 मध्ये त्याने सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफाचे पत्ते पाठवले, कारण शाह हसनाला त्या खेळाची आवड होती. पुढे अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त 12 रंगांच्या, 144 पानांच्या जुन्या खेळाचे वर्णन केले आणि अकबराने त्यात कोणते बदल केले तेही नोंदवले. त्या जुन्या रंगांची नावे वाचली तर दरबारच डोळ्यांसमोर उभा राहतो: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती. सर्वत्र रुळलेला मोगल गंजिफा मात्र आठ रंगांचा, 96 पानांचा. ताज, तलवार, गुलाम, सोन्याचे नाणे, चांदीचे नाणे असे त्याचे रंग म्हणजे राज्यकारभाराची खातीच होती.

दशावतारी गंजिफाने ती खाती मोडून तेथे दहा अवतार बसवले. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येकाची 12 पाने, एकूण 120. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू. पाने गोल. सावंतवाडीला हा खेळ तेलंगणातून आलेल्या विद्वानांबरोबर तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात आला, असे परंपरा सांगते. चिंचोक्याची खळ, खडू, रंग आणि वर लाखेचा हात, अशी ही पाने तेथील चितारी घडवत आले.

आता नियम पाहू. खेळाडू तीन, प्रत्येकाला 40 पाने. ज्या रंगाची उतारी होते त्या रंगातील सर्वांत मोठे पान हात घेते. या खेळात हुकूम नाही. आपल्याकडच्या पत्त्यांत हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या राजाला कापू शकते. गंजिफात एका रंगाचे पान दुसऱ्या रंगाच्या पानाला कापूच शकत नाही. मत्स्य रामाला जिंकत नाही, राम मत्स्याला जिंकत नाही. रामायणात शिवधनुष्याच्या भंगानंतर परशुराम आणि राम समोरासमोर येतात. गंजिफाच्या पटावर ती भेट कधीच झुंज होत नाही. प्रत्येक अवतार आपल्या रंगात अजिंक्य आणि परक्या रंगात निव्वळ फेकलेले पान.

दहा महाबलींना एकत्र बसवून 'यांत श्रेष्ठ कोण' या प्रश्नाला दारच न ठेवणे, ही नियमरचना सामान्य नव्हे. ज्या समाजात रामाचे भक्त आणि कृष्णाचे भक्त एकाच ओसरीवर खेळायला बसणार, तेथे ती सोयीचीही होती, असा तर्क करता येतो. मान मात्र द्यावाच लागतो, आणि तो दिला आहे उतारीत. दिवसा डाव बसला तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची पहिली उतारी. रात्री बसला तर कृष्णाचा राजा असलेल्याची. राम सूर्यवंशातला, कृष्ण चंद्रवंशातला. मोगल गंजिफातही हीच पद्धत होती. तेथे दिवसा सोन्याच्या नाण्याचा मान आणि रात्री चांदीच्या. धर्म बदलला, चित्रे बदलली, पण सूर्य-चंद्राची ही वाटणी तशीच राहिली. नियम हे चित्रांहून चिवट असतात याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

या खेळात फाशाला जागा नाही. पाने वाटून झाली की दैवाचे काम संपते. पुढे सगळे स्मरणावर. 120 पैकी कोणती पाने पडून गेली, कोणत्या रंगात आता शिल्लक असलेले सर्वांत मोठे पान कोणाकडे असेल, आणि या रंगात दश्शी चढती की उतरती, हे डोक्यात ठेवावे लागते. मत्स्याचा राजा पडून गेला की मत्स्याचा प्रधान अजिंक्य होतो, तोही गेला की त्याखालचे पान. बळ पानात नसते. वरची पाने गेल्यावर ते खालच्या पानाकडे उतरत येते.

मात्र गंजिफात कोणीही राम 'होत' नाही. रामाचा राजा हाती आला म्हणून खेळाडू रामासारखे बोलू लागत नाही. ते काम याच मुलुखात दुसरीकडे चालत होते.

सावंतवाडीच्या परिसरात जत्रेच्या रात्री जे दशावतारी नाटक होते, त्याला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, पेटाऱ्यातून वेश निघतात, आणि संवाद नट रंगभूमीवर उभे राहूनच रचतात. समोरचा काय बोलेल हे ठाऊक नसते. त्याने टाकलेला शब्द झेलून उत्तर द्यायचे असते. पूर्वरंगात संकासुर येतो, मालवणीत थट्टा करतो, प्रेक्षकांनाही सोडत नाही आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. तो मरणार हे लहान पोरालाही ठाऊक असते. तरीही मरेपर्यंत तो किती वेळ आणि किती चतुराईने तग धरतो, यासाठी लोक जागतात.

हा भूमिका घेऊन, आयत्या वेळी बोलून केलेला खेळच आहे. त्यात नियमही आहेत, पण ते परंपरेचे: देवाने हरायचे नाही, आख्यानाचा शेवट बदलायचा नाही. दैत्याचा घाव देवाला लागला की नाही हे ठरवायला तेथे फासा लागत नाही, कारण तो प्रश्नच खुला नाही.

तेव्हा कोकणात एकीकडे अवतारांचा कडक नियमांचा डाव होता, ज्यात भूमिका नव्हती. दुसरीकडे अवतारांच्या भूमिका होत्या, ज्यांत जय-पराजय खुला नव्हता. हे दोन्ही धागे एकत्र वळले गेले ते फार दूर, आणि अगदी वेगळ्या मुळांतून. प्रशियन सैन्यासाठी 1824 मध्ये राइसविट्झने मांडलेल्या युद्धखेळाची परंपरा अमेरिकेतील हौशी मंडळांपर्यंत पोहोचली, आणि 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रकाशित केला. पलटणीऐवजी एकच योद्धा, आणि त्या योद्ध्याच्या तोंडून खेळाडू बोलणार. पण घाव लागला की नाही ते फासा सांगणार.

तीनच वर्षांनी, 1977 मध्ये, डोनाल्ड सॅक्समन यांचा 'सुपरहिरो: 2044' आला आणि कॉमिकमधील नायकांनी या पद्धतीत पाऊल टाकले. तेथून अडचणींना सुरुवात झाली. तलवारबहाद्दर आणि मांत्रिक यांच्या बळातील अंतर सांभाळता येते. पण मराठी वाचकांना इंद्रजाल कॉमिक्समधून परिचित झालेला वेताळ घ्या: अंगात कोणतीही दैवी शक्ती नाही, दोन मुठी, कवटीची अंगठी आणि पिढ्यान्‌पिढ्या पसरवलेली दंतकथा एवढेच भांडवल. त्याच्या शेजारी सुपरमॅन बसवा. एकाच टेबलावर, एकाच संध्याकाळी दोघांच्याही खेळाडूंना काही करण्याजोगे उरले पाहिजे. गंजिफाप्रमाणे प्रत्येकाला वेगळा रंग देऊन सुटका होत नाही, कारण येथे खलनायक एकच आणि तो सर्वांना मारतो आहे.

पहिले उत्तर दैवाचे. जेफ डी आणि जॅक हरमन यांच्या 'व्हिलन्स अँड व्हिजिलँटीज' (1979) मध्ये खेळाडूने नायक म्हणून स्वतःलाच घ्यायचे होते: स्वतःची ताकद, स्वतःची बुद्धी यांचा अंदाज बांधायचा आणि त्यावर फासे टाकून शक्ती मिळवायच्या. कोणाला उड्डाण मिळे, कोणाला भलतेच काही. अन्याय होई, पण तो फाशाचा. तक्रार कोणाकडे करणार?

दुसरे उत्तर हिशेबाचे, आणि तेच सर्वांत प्रभावी ठरले. जॉर्ज मॅकडॉनल्ड व स्टीव्ह पीटरसन यांच्या 'चॅम्पियन्स' (1981) ने फासा निर्मितीतून हद्दपार केला. प्रत्येक खेळाडूला ठरावीक गुणांचे भांडवल. शक्ती त्यातून विकत घ्यायच्या. भांडवल कमी पडले तर उणिवा पत्करून जादा गुण मिळवायचे: गुप्त ओळख, मागावर असलेला शत्रू, सांभाळावे लागणारे माणूस, एखाद्या द्रव्यापुढे हतबलता. नायकाचे दुःख हे येथे कर्ज आहे आणि बळ ही त्या कर्जातून केलेली खरेदी. वेताळाचा खेळाडू आपले गुण कौशल्यांवर, मित्रांवर आणि जंगलातील गुप्त तळावर खर्च करील. सुपरमॅनचा खेळाडू बाहूंवर. रक्कम एकच, तेव्हा न्याय झाला, असे हे शास्त्र मानते.

याच खेळाने बेशुद्ध पडणे आणि मरणे यांची खाती वेगळी ठेवली. नेहमीच्या ठोशाने शुद्ध लवकर हरपते, जीव सहसा जात नाही. कॉमिकमध्ये नायक इमारतींवर आपटले जातात आणि पुढच्या पानावर उभे राहतात. ते घडण्यासाठी नियमांतच ही दुहेरी वही ठेवावी लागली. किंमत मोजली ती वेळेने. एक फेरी 12 भागांत चिरायची आणि ज्याच्या त्याच्या वेगाप्रमाणे कोणत्या भागात कोण हलणार याचा तक्ता पाहायचा, अशी त्याची रचना. कथेत एका क्षणात उरकणारी हाणामारी टेबलावर दीर्घकाळ चालते.

तिसरे उत्तर 1984 मध्ये टीएसआरच्या 'मार्व्हल सुपर हिरोज'ने दिले, आणि ते नीतीचे होते. जेफ ग्रब यांच्या या रचनेत बळाला आकडा मुख्य नव्हता, विशेषण होते: क्षीण, सामान्य, चांगले, उत्कृष्ट अशी चढती भाजणी, थेट अपार्थिवापर्यंत. एकच तक्ता, शंभरावर टाकलेला फासा, आणि पांढरा, हिरवा, पिवळा, लाल अशा चार रंगांत उत्तर. मुलांना तो चटकन कळे. पण त्याचे खरे वैशिष्ट्य दुसरेच, आणि त्याचे नाव इंग्रजी खेळातही 'कर्म'च होते. सत्कृत्याने कर्म साठते. ते खर्चून फाशाचे दान वाढवता येते. सोबत्यांसह सामाईक कर्माची पुंजीही करता येते. आणि नायकाने कोणाचा जीव घेतला तर साठलेले सर्व कर्म शून्य. आपल्याकडच्या कर्माची फेड पुढच्या जन्मात. येथे ती त्याच संध्याकाळी, पेन्सिलने.

नायकाने मारू नये, या एकाच संकेताचे दोन खेळांत काय झाले ते ताडून पाहण्याजोगे आहे. 'चॅम्पियन्स'मध्ये 'मी जीव घेणार नाही' ही प्रतिज्ञा उणीव म्हणून नोंदवता येते आणि तिच्या बदल्यात आगाऊ गुण मिळतात. ज्याला प्रतिज्ञा नको त्याने घेऊ नये. 'मार्व्हल'मध्ये ती कोणी निवडत नाही. ती विश्वाचाच कायदा आहे आणि मोडणाऱ्याला दंड आहे. पहिल्यात नीती हा करार, दुसऱ्यात ती शासन. दशावतारी रंगभूमीवर ती दोन्ही नव्हे, कारण तेथे दैत्यवध हेच कर्तव्य आहे. 'सुपरहिरो म्हणजे आधुनिक अवतार' हे वाक्य सहज बोलले जाते. नियम वाचले की ते फारसे टिकत नाही. नृसिंह 'मार्व्हल'च्या टेबलावर बसला तर हिरण्यकशिपूनंतर त्याच्याकडे एकही कर्म शिल्लक राहणार नाही.

पुढच्याच वर्षी मेफेअरने ग्रेग गॉर्डन यांचा 'डीसी हिरोज' आणला. त्याचे उत्तर गणिताचे, आणि कारागिरी म्हणून या सर्वांत देखणे. बळाची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दुप्पट. शून्य पायरीवर 50 पौंड, म्हणजे साधारण 23 किलो उचलता येतात. दहाव्या पायरीवर 1024 पट, म्हणजे 23 टनांच्या आसपास. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट ज्याने ऐकली आहे त्याला हे लगेच उमगेल. वेताळ आणि सुपरमॅन यांच्यातील अफाट दरी अशा रीतीने दोन लहान आकड्यांत मावली. वजन, अंतर, वेळ हे सगळे त्याच मापाने मोजायचे असल्याने 'ही गाडी किती दूर फेकता येईल' याचे उत्तर एका साध्या वजाबाकीत मिळे. पण दरी मावली म्हणजे बुजली नव्हे. दुर्बलाच्या खेळाडूला काम काय, हा प्रश्न राहिलाच, आणि त्यासाठी येथेही खर्चायच्या गुणांचा टेकू द्यावा लागला.

नंतरच्या काळावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. स्टीव्ह केन्सन यांच्या 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स' (2002) ने 'चॅम्पियन्स'चा हिशेब ठेवला, त्यावर कमाल बळाची मर्यादा घातली आणि वीस बाजूंच्या एका फाशावर सगळे आणले. खरा वळसा घेतला तो 'मास्क्स' (2016) ने. ब्रेंडन कॉनवे यांच्या या खेळात नायक किशोरवयीन आहेत आणि कोण किती टन उचलतो हे कोठेच मोजलेले नाही. मोजले आहे ते मुलाला स्वतःविषयी काय वाटते ते: मी धोकादायक आहे का, विचित्र आहे का, तारणहार आहे का, श्रेष्ठ आहे का, सामान्य आहे का. ज्याच्या शब्दाला वजन आहे असे एखादे वडीलधारे माणूस बोलले की यातले एक मूल्य चढते, दुसरे उतरते. ठोसा लागून हाड मोडत नाही. राग, भीती, अपराधभाव चिकटतो. येथे वेताळ आणि सुपरमॅन शेजारी बसू शकतात, कारण बळाचा प्रश्नच टेबलावरून उचलला आहे. गंजिफाने जे रंग वेगळे ठेवून साधले, त्याच्या बरेच जवळ हे येते.

तपशील वाढवण्याचा मोहही दोन्हीकडे सारखाच. 'चॅम्पियन्स'ची पुस्तके आवृत्तीगणिक जाड होत गेली. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (मृत्यू 1868) यांनी गंजिफाचे नवनवे प्रकार रचले, देवदेवता, ग्रह यांचे रंग वाढवत नेले, आणि एकेका संचातील पाने 360 पर्यंत पोहोचली. 'श्रीतत्त्वनिधी'त त्यांची वर्णने आहेत आणि पाने अतिशय सुंदर आहेत. पण तीनशे पाने लक्षात ठेवून रात्र जागवणारे खेळाडू राजवाड्याबाहेर किती असणार? राजाज्ञेने पाने रंगवता येतात. डाव बसवता येत नाही. दरम्यान छापील, स्वस्त, 52 पानांचा युरोपीय संच बाजारात आला, आणि लहान, हलके, हुकमाचे खेळ घरोघर पोहोचले.

सावंतवाडीतही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गंजिफा रंगवणारे हात जवळपास उरले नव्हते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही कला समजून घेतली, राजवाड्याच्या दरबार सभागृहात कारागीर बसवले आणि पाने पुन्हा घडू लागली. आज ती तेथे विकत मिळतात. बरीचशी भिंतीवर चौकटीत किंवा काचेच्या कपाटात जातात.

या ठिकाणी अमेरिकी खेळ आणि गंजिफा यांच्यातील सर्वांत मोठा भेद लक्षात येतो. 'सुपरहिरो: 2044' आज फारसे कोणी खेळत नाही, पण त्याचे नियम छापलेले आहेत, चार मित्र ठरवतील तर उद्याही तो मांडू शकतील. गंजिफाचे नियम मात्र प्रामुख्याने खेळणाऱ्यांच्या तोंडी राहिले. वाचवताना चित्र वाचवणे तुलनेने सोपे होते: एक कारागीर दुसऱ्याला खळ कशी शिजवायची ते शिकवू शकतो. डावासाठी एकाच वेळी तीन जाणकार लागतात, आणि तेही पुन्हापुन्हा. ओडिशातील काही गावांत अजून म्हातारी माणसे गंजपाचा डाव मांडतात. कोकणात दशावतारी नाटक आजही जत्रेत रात्रभर चालते, कारण तेथे शिकायला विंगेत उभे राहणे पुरते.

सावंतवाडीचा संच हाती आला आणि तो कपाटात ठेवायचा नसेल, तर दोन सोबती शोधावेत आणि पाने वाटावीत, प्रत्येकी 40. कोणत्या पाच रंगांत दश्शी मोठी आणि कोणत्या पाचांत एक्का, हे पहिली उतारी होण्यापूर्वी तिघांनी मोठ्याने बोलून पक्के करावे. डावात भांडणे होतात ती बहुधा यावरूनच. मग खिडकीबाहेर पाहावे. उजेड असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे आहे त्याने सुरुवात करायची.